१० डॉलर मागितले, ५ मिळाले : गुलामगिरीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स यांच्या गोधडीची गोष्ट

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन डीसी. तिथल्या स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात एक जुनी गोधडी जपून ठेवली आहे. साधारण सव्वासहा फूट बाय साडेसात फुटांची, सुती कापडाची, रंग बरेचसे उडालेली. तिच्यावर कापडाचेच कापलेले आकार शिवले आहेत. माणसं, जनावरं, चांदण्या, एक शिडी आणि चक्क पाय असलेला साप.

ही गोधडी शिवली हॅरिएट पॉवर्स यांनी. जन्म गुलामगिरीत झाला, अख्खं आयुष्य कापसाच्या मुलखात गेलं. या गोधडीचे त्यांना मिळाले फक्त ५ डॉलर. आज मात्र अमेरिकन गोधड्यांवरचं कुठलंही बरं पुस्तक उघडा, हॅरिएट यांचं नाव त्यात असतंच.

आता आपल्याकडचा विचार करा. घरात पणजीनं शिवलेली एखादी वाकळ असेल, तर ती तिनंच शिवली हे सांगणारा कागद आहे का? बहुतेक नसतो. गोधडी टिकते आणि शिवणारीचं नाव पुसलं जातं. मग सव्वाशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वीच्या एका गरीब शेतकरी बाईचं नाव टिकलं कसं? त्यासाठी आधी त्यांचं आयुष्य बघावं लागेल.

वाचायला शिकवणं हाच गुन्हा होता

हॅरिएट यांचा जन्म २९ ऑक्टोबर १८३७ चा. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्यात, अथेन्स शहराजवळच्या मॅडिसन काउंटीत. हा सगळा पट्टा कापसाचा. शेतं गोऱ्या मालकांची आणि राबणारे हात आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लोकांच्या वंशजांचे. हे लोक कायद्यानं मालकाची मालमत्ता होते. बैल किंवा नांगर विकावा तसं माणूस विकता यायचं.

जॉर्जियात १८२९ मध्ये आणखी एक कायदा झाला होता. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं हा त्यानुसार गुन्हा ठरला. हा कायदा लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

१८५५ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी हॅरिएट यांचं आर्मस्टेड पॉवर्स यांच्याशी लग्न झालं. त्यांना किमान नऊ मुलं झाली. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. याच युद्धामुळे अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. मुंबईचे व्यापारी गब्बर होत होते, तेव्हा ज्यांच्या घामावर अमेरिकेचा कापूस पिकायचा ते लोक सुटकेची वाट बघत होते.

१८६५ मध्ये युद्ध संपलं आणि डिसेंबरमध्ये घटनादुरुस्तीनं गुलामगिरी कायमची बंद झाली. हॅरिएट तेव्हा २८ वर्षांच्या होत्या.

स्वातंत्र्य मिळालं, पण त्यासोबत जमीन मिळाली नाही. बहुतेक कुटुंबं पुन्हा त्याच शेतांवर वाट्यानं किंवा मजुरीनं राबू लागली. पॉवर्स कुटुंबानं यातूनही मार्ग काढला आणि १८८० च्या दशकात स्वतःची चार एकर जमीन केली. गुलाम म्हणून जन्मलेल्या जोडप्यासाठी ही फार मोठी गोष्ट होती.

क्विल्ट म्हणजे गोधडीच, पण दोन प्रकारची

पुढची गोष्ट कळण्यासाठी थोडी शिवणकामाची माहिती लागेल.

अमेरिकेत जिला क्विल्ट म्हणतात, ती ढोबळमानानं आपली गोधडीच. खाली अस्तर, मध्ये कापसाचा थर, वर नक्षीचं कापड आणि तिन्ही थर एकत्र धरणारा धावदोरा. वरचं नक्षीचं कापड मात्र दोन पद्धतींनी तयार होतं.

पहिली पद्धत तुकड्याला तुकडा जोडण्याची. पुठ्ठ्याचा फर्मा घ्यायचा, त्यावरून कापडावर आकार आखायचा आणि चारही बाजूंनी साधारण पाव इंच शिलाईसाठी सोडून कापायचं. मग दोन तुकड्यांच्या सुलट बाजू एकमेकींवर ठेवून उलट बाजूनं आखलेल्या रेषेवर बारीक धावदोरा घालायचा. असे तुकडे जोडत एक चौकट पुरी होते. अशा कितीतरी चौकटी जोडल्या की गोधडीचा वरचा भाग तयार.

चौकोनी तुकडे त्यातल्या त्यात सोपे. खरा कस लागतो शंकरपाळ्याच्या आकाराच्या तुकड्यांना. त्यांच्या कडा कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांना तिरक्या कापल्या जातात, त्यामुळे हात जरा जड पडला तरी कापड ताणतं. असे आठ तुकडे टोकाला टोक लावून जोडले की आठ पाकळ्यांची चांदणी होते. प्रत्येक तुकड्यात केसभर चूक झाली, तरी शेवटी मधोमध भोक पडतं किंवा कापड फुगतं.

दुसरी पद्धत कापडावर कापड शिवण्याची. तिला अ‍ॅप्लिक म्हणतात. माणूस, झाड, पक्षी असा आकार कापायचा, कडा आत दुमडायच्या आणि तो मोठ्या कापडावर टाक्यांनी बसवायचा. यात चित्र काढता येतं, त्यामुळे गोष्टही सांगता येते.

हॅरिएट दोन्ही पद्धतींत काम करायच्या. हातशिवण आणि शिवणयंत्र, दोन्ही वापरायच्या. त्यांच्या आज उरलेल्या दोन्ही गोधड्या चित्रांच्या आहेत. शंकरपाळ्यांची गोधडी उरलेली नाही. तिच्याकडे नंतर येऊ.

१८८६ : कापसाच्या जत्रेत मांडलेलं बायबल

१८८६ मध्ये अथेन्समध्ये कापसाचं प्रदर्शन भरलं. आपल्याकडच्या कृषी प्रदर्शनासारखंच. जनावरं, धान्य, कापूस, लोणची-मुरंबे आणि बायकांचं हस्तकाम. तिथं हॅरिएट यांची गोधडी मांडली होती.

गोधडीत तीन ओळी आणि अकरा चौकटी. प्रत्येक चौकटीत बायबलमधला एक प्रसंग. बागेत अ‍ॅडम आणि ईव्ह, केन आपल्या भावाला मारतो तो प्रसंग, स्वर्गाला टेकलेल्या शिडीचं जेकबचं स्वप्न, येशूचा बाप्तिस्मा, चांदीच्या तीस नाण्यांसाठी फितूर झालेला जुडास, शेवटचं भोजन, क्रूस. आकार सपाट, साधे आणि ठसठशीत. लांबून बघितलं तरी डोळ्यांत भरणारे.

ही गोधडी जेनी स्मिथ यांच्या नजरेस पडली. त्या गोऱ्या चित्रकार होत्या आणि अथेन्समधल्या लुसी कॉब इन्स्टिट्यूट या मुलींच्या शाळेत कला शिकवायच्या. प्रदर्शनात त्यांनी बऱ्याच गोधड्या पाहिल्या असतील, पण अशी गोधडी त्यांच्यासाठी नवीन होती. शोध घेत त्या हॅरिएट यांच्यापर्यंत पोहोचल्या आणि गोधडी विकत मागितली.

हॅरिएट यांनी नकार दिला. कितीही पैसे दिले तरी ती विकायची नव्हती.

बैलगाडी, पिठाची पिशवी आणि पाच डॉलर

पुढची चार-पाच वर्षं शेतकऱ्यांना वाईट गेली. कापसाचे भाव घसरत होते आणि छोट्या शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज चढत होतं. कापूस पिकवणाऱ्या घरात भाव पडला की काय होतं, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. पॉवर्स कुटुंबालाही १८९० च्या दशकात जमिनीचे तुकडे विकावे लागले.

त्याआधी विकली गेली गोधडी. १८९०-९१ च्या सुमारास एका दुपारी हॅरिएट आणि आर्मस्टेड बैलगाडीनं जेनी स्मिथ यांच्या दारात आले. गोधडी हॅरिएट यांच्या मांडीवर होती. पिठाच्या स्वच्छ पिशवीत गुंडाळलेली आणि वरून पुन्हा गोणपाटात घातलेली. रस्त्यावरच्या धुळीचा एक कणही लागू नये अशी काळजी.

हॅरिएट यांनी १० डॉलर सांगितले. स्मिथ यांनी आपल्याकडे पाचच असल्याचं सांगितलं. हॅरिएट बाहेर गेल्या, नवऱ्याशी बोलल्या आणि परत आल्या. दिवस कठीण आहेत, मिळतात ते घे, असं नवऱ्याचं मत पडलं. व्यवहार ५ डॉलरला झाला.

इथपर्यंत ही एका गरजू बाईची नेहमीची गोष्ट वाटेल. वेगळेपण यानंतर आहे.

पैसे घेऊन हॅरिएट लगेच निघाल्या नाहीत. त्यांनी स्मिथ यांना अकराच्या अकरा चौकटी एकेक करून समजावून सांगितल्या. कोणत्या आकाराचा अर्थ काय, कोण कुठे उभं आहे आणि का. स्मिथ यांनी हे सगळं लिहून ठेवलं. गोधडी विकल्यानंतरही हॅरिएट अनेकदा स्मिथ यांच्या घरी आल्या, फक्त आपली गोधडी बघायला. सासरी दिलेल्या लेकीला भेटायला जावं तसं. स्मिथ यांनी त्यांना घरातल्या कापडाच्या सगळ्या चिंध्या देण्याचं कबूल केलं, तेव्हा कुठे त्यांना थोडं बरं वाटलं. हे स्मिथ यांनीच नोंदवून ठेवलं आहे. चिंध्या म्हणजे पुढच्या गोधडीचं भांडवल. ज्यानं कधी गोधडी शिवली आहे, त्याला या आश्वासनाची किंमत बरोबर कळेल.

सापाला पाय का?

स्मिथ यांचे उपकार मोठे आहेत. त्यांनी लिहून ठेवलं नसतं तर या चौकटींचा अर्थ आज अंदाजानंच लावावा लागला असता. पण त्यांच्या लिखाणात त्या काळातल्या गोऱ्या वर्गाचा चष्माही दिसतो. हॅरिएट यांचं बोलणं त्यांनी मोडक्यातोडक्या उच्चारांसह, वाचणाऱ्याला गंमत वाटेल अशा पद्धतीनं उतरवलं. प्रेम होतं, कौतुक होतं, आणि थोडं वरून बघणंही होतं.

याचं चांगलं उदाहरण म्हणजे तो साप. पहिल्या चौकटीत अ‍ॅडम आणि ईव्हच्या भोवती हत्ती, उंट, शहामृग असे प्राणी आहेत. यात पाय दाखवलेला प्राणी एकच, तो म्हणजे साप, ज्याला पाय नसतात. स्मिथ यांना याची गंमत वाटली आणि त्यांनी ती नोंदवली.

पण बायबलमधली कथा नीट वाचली तर? सापानं ईव्हला फसवल्यावर देव त्याला शाप देतो, की यापुढे तू पोटावर सरपटशील. म्हणजे शापाच्या आधी तो सरपटत नव्हता, असा अर्थ सरळ निघतो. हॅरिएट यांनी शिवलेला प्रसंग शापाच्या आधीचा आहे. मग सापाचे पाय ही चूक आहे, की कथा बारकाईनं माहीत असल्याची खूण? ज्या बाईंनी अकरा प्रसंग ओळीनं समजावून सांगितले, त्यांच्या बाबतीत दुसरी शक्यता जास्त पटते.

या चित्रांबद्दल अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट दाखवली आहे. पश्चिम आफ्रिकेत आजच्या बेनिनमध्ये पूर्वी दाहोमी नावाचं राज्य होतं. तिथले फोन लोक कापडावर कापड शिवून राजांच्या पराक्रमाच्या गोष्टी सांगायचे. ते आकार आणि हॅरिएट यांचे आकार यांत बरंच साम्य दिसतं. हॅरिएट कधीच आफ्रिकेत गेल्या नव्हत्या. ही शैली पिढ्यानपिढ्या हातांतून आली, की दोन्हीकडे स्वतंत्रपणे तयार झाली, यावर अजून चर्चा चालते.

दुसरी गोधडी : पडणारे तारे आणि पळून गेलेली डुकरीण

१८९५ मध्ये अटलांटा शहरात एक मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं. कृष्णवर्णीय नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांचं गाजलेलं भाषण याच प्रदर्शनात झालं. स्मिथ यांनी हॅरिएट यांची गोधडी तिथं पाठवली आणि ती पहिल्यांदाच अथेन्सबाहेरच्या लोकांनी पाहिली.

त्यानंतर हॅरिएट यांची दुसरी प्रसिद्ध गोधडी पुढे येते. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेल्या अटलांटा विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या पत्नींनी १८९८ मध्ये ती रेव्हरंड चार्ल्स कथबर्ट हॉल यांना भेट दिली. हॉल त्या विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळावर होते. हेच हॉल पुढे १९०२-०३ मध्ये व्याख्यानं द्यायला भारतातही आले होते.

या गोधडीत पंधरा चौकटी आहेत. तीन ओळी, प्रत्येकीत पाच. यातल्या दहा बायबलमधल्या. बाकीच्या चौकटींत हॅरिएट यांनी असं काही केलं आहे, जे पहिल्या गोधडीत नव्हतं. त्यांनी लोकांच्या तोंडी असलेला इतिहास शिवला.

एका चौकटीत १९ मे १७८० चा दिवस आहे. त्या दिवशी ईशान्य अमेरिकेत भर दुपारी अंधार पडला होता. जंगलातल्या वणव्यांचा धूर हे त्याचं कारण असल्याचं आज मानलं जातं. दुसऱ्या चौकटीत १३ नोव्हेंबर १८३३ ची रात्र. सिंह राशीतला तो भयंकर उल्कावर्षाव बघून जगबुडी आली असं लोकांना वाटलं होतं. हॅरिएट यांच्या चौकटीत देवाचा हात हे तारे अडवून धरतो. तिसऱ्या चौकटीत १८४६ मधली आकाशात लाल उजेड पडलेली एक रात्र.

तारखा बघा. १७८० आणि १८३३ च्या घटना हॅरिएट यांच्या जन्माआधीच्या. १८४६ मध्ये त्या जेमतेम आठ-नऊ वर्षांच्या. म्हणजे या गोष्टी त्यांनी मोठ्यांकडून ऐकल्या, लक्षात ठेवल्या आणि साठीला टेकल्यावर कापडावर उतरवल्या. ज्या समाजाला लिहिण्याची बंदी होती, त्यानं आपला इतिहास असा तोंडातोंडी जपला.

चौथी चौकट त्यांच्या डोळ्यांसमोरची. १८९५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या दक्षिणेत हाडं गोठवणारी थंडी पडली. चौकटीत प्रार्थना करता करता गोठलेली बाई आहे, दारूच्या सुरईजवळ गोठलेला पुरुष आहे आणि खेचराच्या नाकपुड्यांतून निघालेल्या वाफेचे बर्फाचे सुळकेही आहेत.

आणि पाचव्या चौकटीत बेट्स नावाची डुकरीण. चौकटीत देवाचं न ऐकणाऱ्या श्रीमंत माणसांना मिळालेली शिक्षा दाखवली आहे. पण नजर जाते ती या डुकरिणीकडेच. ती जॉर्जियाहून व्हर्जिनियापर्यंत ५०० मैल पळत गेली, अशी गोष्ट. गोधडीतल्या सगळ्या आकारांत तिचा आकार मोठा. व्हर्जिनिया जॉर्जियाच्या उत्तरेला आहे आणि गुलामगिरीतून सुटण्यासाठी लोक उत्तरेकडेच पळायचे. त्यामुळे कुणाचीही मालकी न मानणारी ही डुकरीण म्हणजे पळून सुटलेल्या माणसांचीच आठवण असावी, असं काही अभ्यासकांना वाटतं. बायबलच्या प्रसंगांच्या शेजारी तिला मानाची जागा मिळाली आहे, हे तर दिसतंच.

मग सापडलं हॅरिएट यांचं पत्र

कितीतरी वर्षं अभ्यासक हॅरिएट यांच्याकडे स्मिथ यांच्या नजरेतून बघत राहिले. गुलामगिरीत जन्म, शिक्षणाला बंदी, गरीब शेतकरी. म्हणजे त्या निरक्षर असणार आणि बायबलच्या गोष्टी चर्चमध्ये ऐकून शिवल्या असणार, असं धरून चाललं गेलं.

२००९ मध्ये हे चित्र बदललं. कायरा हिक्स या कृष्णवर्णीय लेखिका स्वतः गोधड्या शिवतात. त्यांनी हॅरिएट यांच्या गोधड्यांचा माग काढणारं पुस्तक प्रसिद्ध केलं. या शोधात त्यांना हॅरिएट यांच्या एका पत्राचा मजकूर मिळाला होता. १८९६ चं हे पत्र आयोवा राज्यातल्या किओकक गावच्या लोरीन डायव्हर यांना लिहिलेलं. डायव्हर यांना हॅरिएट यांच्या कामात रस होता.

पत्रात हॅरिएट यांनी आपल्या जन्माबद्दल, कुटुंबाबद्दल आणि कामाबद्दल स्वतः सांगितलं आहे. त्यांना वाचता येत होतं. लहानपणी मालकाच्या मुलांच्या मदतीनं त्या वाचायला शिकल्या होत्या. तो १८२९ चा कायदा आठवा. ज्या गोष्टीसाठी शिकवणाऱ्याला शिक्षा होती, ती गोष्ट हॅरिएट यांनी मिळवली होती. म्हणजे बायबल त्यांनी नुसतं ऐकलं नव्हतं, वाचलंही होतं. सापाच्या पायांकडे आता पुन्हा बघा.

दुसरा धक्का गोधड्यांबद्दल होता. पत्रात त्यांच्या किमान चार गोधड्यांचा उल्लेख आहे. जगाला माहीत होत्या दोनच. त्यातली एक होती येशूच्या शेवटच्या भोजनाची. तिच्यात शंकरपाळ्याच्या आकाराचे २५०० तुकडे असल्याचं हॅरिएट यांनी नोंदवलं आहे.

हा आकडा नुसता वाचून सोडू नका. प्रत्येक तुकड्याला चार बाजू. दोन तुकड्यांमध्ये एक शिवण, म्हणजे काठांवरचे तुकडे सोडले तरी जवळपास ५००० शिवणी. फर्मा ठेवून २५०० वेळा आखायचं, २५०० वेळा कापायचं आणि मग टोकाला टोक जुळवत बसायचं. एका शिवणीला पाच मिनिटं धरली तरी चारशे तासांच्या वर काम. आणि हे कधी? शेत, चूल आणि मुलाबाळांचं सगळं उरकल्यावर. अस्तर लावणं आणि तिन्ही थर धावदोऱ्यानं शिवणं यानंतरचं.

ही गोधडी आज कुठे आहे, कुणालाच ठाऊक नाही. तिच्याबद्दल जे काही माहीत आहे ते या पत्रातूनच. हॅरिएट यांनी तुकडे मोजले होते आणि आकडा लिहून कळवला होता. आपण किती काम केलंय याचा त्यांना नेमका हिशेब होता आणि समोरच्यालाही तो कळावा असं वाटत होतं. गोधडी शिवणाऱ्या कुठल्याही बाईला हे ओळखीचं वाटेल. अर्धी चौकट झाली तरी शेजारणीला दाखवल्याशिवाय चैन पडत नाही.

हॅरिएट यांचा १८९० च्या दशकातला एक फोटोही उपलब्ध आहे. त्यात त्यांनी घातलेल्या अ‍ॅप्रनवर सूर्य आणि चांदण्यांसारखे आकार शिवलेले दिसतात. फोटोसाठी उभं राहतानाही त्यांनी आपलं काम अंगावर घातलं होतं.

मृत्यूनंतर सापडलेली कबर आणि एक वाद

१ जानेवारी १९१० रोजी हॅरिएट यांचं निधन झालं. अथेन्समधल्या गॉस्पेल पिलग्रिम या कृष्णवर्णीयांच्या दफनभूमीत त्यांना पुरलं गेलं. पुढे ती जागा झाडाझुडपांत हरवली. त्यांच्या कबरीचा दगड पुन्हा सापडला थेट २००५ मध्ये.

गोधड्या मात्र हातोहात पुढे जात राहिल्या. पहिली जेनी स्मिथ यांच्याकडे शेवटपर्यंत राहिली. १९४६ मध्ये त्यांचं निधन झालं आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस ती स्मिथसोनियनला मिळाली. दुसरी हॉल कुटुंबाकडून एका संग्राहकाकडे आणि १९६४ मध्ये बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात पोहोचली.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पहिल्या गोधडीवरून मोठा वाद झाला. स्मिथसोनियननं आपल्या संग्रहातल्या काही जुन्या गोधड्यांच्या नकला चीनमध्ये बनवून विकायला परवानगी दिली. त्यात हॅरिएट यांची गोधडीही होती. अमेरिकेतल्या गोधडी शिवणाऱ्या बायका संतापल्या. महिनोन्महिने खपून हातानं शिवणाऱ्यांच्या कामाची किंमत या स्वस्त मालामुळे आणखी पडेल, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी सह्या गोळा केल्या, निषेध केला आणि संस्थेला अमेरिकन कारागिरांनाही काम देणं मान्य करावं लागलं. १० डॉलर मागून ५ मिळालेल्या बाईंच्या गोधडीवरूनच हातकामाच्या किमतीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला होता.

२०२१ मध्ये बोस्टनच्या संग्रहालयानं अमेरिकन गोधड्यांचं प्रदर्शन भरवलं. हॅरिएट यांच्या दोन्ही गोधड्या तिथं पहिल्यांदाच एकत्र मांडल्या गेल्या.

नाव का टिकलं?

सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. हॅरिएट यांच्यासारख्या कुशल बायका त्या काळात आणखीही असणार. त्यांच्या गोधड्या वापरून विरल्या, फाटल्या, फेकल्या गेल्या. हॅरिएट यांच्या बाबतीत तीन गोष्टी झाल्या. त्यांनी आपलं काम चार लोकांसमोर मांडलं. ते विकताना त्याची गोष्ट सांगितली. आणि ती गोष्ट कागदावर उतरली, एकदा दुसऱ्याच्या हातून आणि एकदा स्वतःच्या शब्दांत.

दुसऱ्यानं लिहिलं तेव्हा सापाचे पाय ही गंमत ठरली. स्वतःचे शब्द सापडले तेव्हा त्याच गोधडीमागे एक वाचणारी, विचार करणारी आणि तुकडे मोजून ठेवणारी बाई दिसली.

तुमच्या घरात आजीनं किंवा पणजीनं शिवलेली गोधडी असेल, तर जमलं तर आजच एक काम करा. ती कुणी शिवली, कधी शिवली, कुठल्या लुगड्याचा तुकडा कुठे लागलाय, हे ज्यांना आठवतंय त्यांना विचारा. आणि सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.